मनूच्या शेडची लाईन

१

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरची लाईट गेली की पहिली हाक मला येते, आणि मी गेल्या गेल्या पहिल्यांदा बोलणी सुनावतो. फ्यूजच्या जागी तारेचा जुडगा, गिझरला दोन पिनांचा प्लग-टॉप, अर्थिंगची वायर नुसती भिंतीत खुपसलेली. असलं बघितलं की माझं डोकं फिरतं. मी लालासाहेब, फौजेत इलेक्ट्रिशियन होतो, हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि मग साताऱ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला लागलो. लोक तोंडावर हवालदार म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही ठाऊक आहे. पण मी जोडलेल्या लाईनवर आजवर कुणाला साधा झटकासुद्धा बसलेला नाही.

तर अशा माणसाच्या परसात वर्षभर एक लाल-काळी वायर पेरूच्या झाडावरून लोंबत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघायची, फांदीला सुतळीनं बांधलेली, मधे चिकटपट्टीचा जोड, आणि पत्र्याखालून शेडमध्ये. टोकाला झिरोचा बल्ब. तो रात्रंदिवस जळत असायचा.

शेड माझ्या बायकोची, मनूची. मीच विटा लावून, वर पत्रा टाकून बांधून दिली होती. आत तिच्या रोपांच्या पिशव्यांची रांग, शेणखताची पोती, खुरपी, फवारणीचं औषध, आणि बसायला एक लोखंडी खुर्ची. संध्याकाळी मिरचीची रोपं निवडत ती तिथं बसायची आणि तिथूनच मला चहा टाकायला लावायची. गेल्या मार्गशीर्षात ती त्या खुर्चीवरून खाली पडली. मी त्या दिवशी म्हसवडला, सिद्धनाथाच्या रथाला गेलो होतो. शेजारच्या बाळासोनं तिला आपल्या व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं. मी पोचलो तेव्हा ती गेलेली होती.

घरी बाया जमल्या. जीव शेडमध्ये गेला म्हणाल्या, तर दिवाही तिथंच ठेवायचा आणि दिव्याखाली पीठही तिथंच पसरायचं. पण आत वाळका पाला, पोती, औषधं, आणि पणती दिवसरात्र तेवत ठेवायची म्हणजे आग लागायचंच काम. मग कुणीतरी घाईत वायर ओढली आणि पणतीच्या जागी बल्ब लावला. तेरावं झालं, पीठ उचललं, बल्ब तेवढा राहिला. तो बंद करायला माझा हात गेला नाही, आणि मला सांगायची दुसऱ्या कुणाची टाप नव्हती.

२

वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ शिवांजली आली. माझी एकुलती एक लेक, सांगलीला दिलेली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेर म्हणजे मी एकटा म्हातारा. तिचा नवरा साईराज म्हणत होता की सांगलीतच राहू दे. ती ऐकेना. आईच्या घरातच होणार म्हणाली.

पहिल्याच सकाळी ती परसात गेली आणि कमरेवर हात ठेवून त्या वायरीकडं बघत राहिली.

"आण्णा, दुसऱ्याच्या घरी असली वायर बघितली असती तर त्याला उन्हात उभा करून शिव्या दिल्या असत्या तुमी."

"दिल्या असत्या," मी म्हणालो.

"मग आता नीट लाईन टाकून द्या. पुण्याचं ऑफिसचं काम मी शेडात बसून करणार हाय. पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज लय येतो. आणि मला तिथं बरं वाटतं."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वर्षभरानंतर घरात कुणीतरी मला काम सांगत होतं. मी गडी लावून अडीच फूट चर खणून घेतला. तळाला वाळू, वाळूवर लोखंडी पट्टीची आर्मर केबल, तिच्यावर परत वाळू, मग विटांचा थर, मग धोक्याची पिवळी पट्टी आणि वर माती. उद्या कुणी कुदळ मारली तरी आधी पट्टी लागेल, मग वीट लागेल, आणि तोवर मी ओरडत बाहेर येईन. शेडच्या मागं अर्थिंगचा खड्डा केला, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी सोडलं. घराच्या बोर्डावर शेडच्या लाईनला वेगळा ब्रेकर बसवला, तीस मिलीअँपिअरची गळती झाली की पडणारा.

हा ब्रेकर मी शिवांजलीला समजावून सांगितला, कारण तिच्या जिवाची राखण तोच करणार होता. म्हटलं, एका वायरीनं जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीनं परत यायला पाहिजे. कमी आला म्हणजे वाटेत कुठंतरी तो जमिनीत उतरला. ओलीतून उतरला असेल, उंदरातून उतरला असेल, नाहीतर माणसातून. तसं झालं की डोळ्याचं पातं लवायच्या आत हा लाईन तोडतो.

"म्हणजे कुणी हात लावला की ह्याला कळतं," ती म्हणाली.

"कळतं."

मग मी पेरूवरची जुनी वायर काढली. खिडकीतला टॉप उपटला आणि शेडमधला बल्ब गेला. भर दुपार होती, उजेडात काही फरक पडला नाही. तरी मी उगाच त्या वायरीची गुंडाळी करत बसलो.

३

त्याच दिवशी दिवेलागणीला नवा ब्रेकर पडला.

मी देवापुढं दिवा लावत होतो. बोर्डातून खट्‌ आवाज आला. परसात बघितलं तर शेड अंधारात. शिवांजली माझ्या मागं स्वयंपाकघरातच होती. शेडमध्ये कुणी नव्हतं आणि तिथं एका बल्बशिवाय काही जोडलेलंही नव्हतं.

ब्रेकर वर केला. राहिला. म्हटलं, नवीन माल आहे, होतं कधीकधी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत पडला. तिसऱ्या दिवशीही. दिवसभर मी ग्राइंडर चालवला, ड्रिल चालवलं, शिवांजलीचा लॅपटॉप चालला, काही झालं नाही. अजिंक्यताऱ्याच्या मागं ऊन गेलं, कॉलनीत कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, की खट्‌.

४

असल्या वेळी माणसानं डोकं शांत ठेवायचं असतं. मी आधी पाल शोधली. बोर्डात पाल शिरते, दोन पट्ट्यांच्या मधे बसते, संध्याकाळी किडे खायला हलते. बोर्ड उघडला, पाल नव्हती. मग दव धरलं. थंडीचे दिवस, पत्र्यावर ओल येते. होल्डर बदलला, जोड सुकवले, सिलिकॉन भरलं. मग म्हटलं ब्रेकरच खराब. दुसऱ्या कंपनीचा आणून बसवला. तोही पडला.

मेगर लावला. केबलच्या आतलं इन्सुलेशन कसं आहे ते हे यंत्र सांगतं, आणि ते खोटं बोलत नाही. काटा थेट शेवटाला गेला. केबल नव्या नवरीसारखी होती, कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

त्या संध्याकाळी मी शेडमध्येच जाऊन बसलो. मनूच्या खुर्चीवर नाही, पोत्यावर. टेबलावर वरून लोंबता बल्ब लावला होता, त्याला मनूच्याच टोपलीची टोपी केली होती. रोपांच्या पिशव्यांतून ओल्या मातीचा वास येत होता. बाहेर उजेड कमी होत गेला आणि बल्बचा उजेड पिवळा दिसायला लागला.

बल्ब हलायला लागला.

आमच्या भागात असं झालं की कुणी दचकत नाही. कोयनेकडं जमीन हलली की साताऱ्यात आधी वर बघायचं, पंखा हलतोय का, बल्ब हलतोय का, आणि हलत असेल तर दारात जाऊन उभं राहायचं. मी तसाच उठलो आणि दारातून ओरडलो, "शिवा, पंखा हलतोय का बघ."

ती स्वयंपाकघराच्या खिडकीत आली, वर बघितलं. "न्हाई आण्णा. गप हाय."

मी मागं वळलो. बल्ब हलत होता तो इकडून तिकडं नव्हे. एका बाजूला ओढून धरल्यासारखा थोडा तिरपा होत होता आणि परत सोडल्यासारखा सरळ. मग ब्रेकर पडला आणि मला पुढचं दिसलं नाही. मी त्या अंधारात किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. मला भीती वाटली. फौजेत गोळीबार ऐकलेला माणूस मी, आणि मला त्या दहा बाय बाराच्या शेडमध्ये पाऊल उचलता येईना.

५

सकाळी मी शेडमधलं सगळंच काढलं. बल्ब नाही, सॉकेट नाही, स्विच नाही. केबलची टोकं वेगवेगळी टेप केली, प्लास्टिकच्या डबीत बंद केली आणि डबी भिंतीवर उंच ठोकली. आता त्या लाईनवर गळायला काही उरलंच नव्हतं. शेडला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी घराच्या बोर्डापाशी स्टूल टाकून बसलो. दोन्ही वायरी मिळून क्लँप मीटरच्या चिमट्यात धरल्या. सगळा करंट परत येत असेल तर मीटर शून्य दाखवतो, जेवढा हरवला तेवढा आकडा दिसतो. दिवसभर शून्य होतं. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि आकडा हलला.

एकदम उडाला नाही. बिघाड असता तर उडाला असता. हा हळूहळू चढला, मधे थांबला, थोडा उतरला, परत चढला. ओढ्यात उतरताना माणूस पायानं तळ चाचपतो तसा. तिसाला पोचला आणि ब्रेकर पडला.

मी ब्रेकर वर केला. आकडा परत पहिल्यापासून चढायला लागला, या वेळी जरा लवकर. मी परत केला नाही. मीटर खिशात घातलं, देवापुढं जाऊन बसलो, आणि मनात आलं ते तोंडातून निघून गेलं.

"मनू, तू हायस का?"

मागं शिवांजली उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती.

"मला पयल्या दिवसापासून वाटतंय, आण्णा. मी बोलले न्हाई. तुमी चिडाल म्हणून."

६

आता मी चिडायला पाहिजे होतं. अडाण्यासारखं काय बोलतीस, म्हणायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी बल्ब परत लावून दिला, खुर्ची पुसून दिली, आणि दिवेलागणीला ती शेडमध्ये जाऊन बसली तेव्हा अडवलं नाही. मला माझी बायको हवी होती. एवढीच गोष्ट होती ती, दुसरं काही कारण सांगायचं तर खोटं होईल.

शिवांजली आत असली की ब्रेकर पडायचा नाही.

मी बोर्डापाशी मीटर धरून बसायचो. आकडा चढायचा, वीस-बावीसपर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. ब्रेकर जिथं पडेल त्याच्या जरा अलीकडं. तिथं तो तासभरसुद्धा टिकायचा, जागचा हलायचा नाही. हे मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण आयुष्यभर गळत्या शोधलेला माणूस मी. कुठलीच गळती ब्रेकर कुठं पडतो ते बघून थांबत नाही.

मी लेकीला हे सांगून बघितलं.

"आईला समजलं आसंल," ती म्हणाली. "मी बसलीय, अंधार पडला तर मी ठेचकाळंन, म्हणून जपून राहती."

तिच्या तोंडून ऐकलं की सगळं सरळ वाटायचं. ती शेडमध्ये आईशी बोलायची. सासरचं सांगायची, रात्री पाय दुखतात ते सांगायची, बाळंतपणाची भीती वाटते म्हणायची. मी बाहेर दगडी कट्ट्यावर बसून ऐकायचो. मनू जिवंतपणी लेकीला मधे मधे तोडायची, तिला कुणाचं बोलणं पुरं ऐकायची सवयच नव्हती. आता शिवांजली बोलत राहायची आणि समोरून नुसतं ऐकणं असायचं. एका संध्याकाळी ती म्हणाली, आई आता लय शांत झालीय.

मग मी पीठ पसरलं. तिला न सांगता, दुपारी, बल्बच्या खाली खुर्चीसमोर, पाटभर जागेत. हातानंच पसरलं, त्यामुळं बोटांच्या रेघा त्यात राहिल्या. तेराव्याला बाया पीठ बघून कुणाचं पाऊल उमटलं ते सांगतात. कुणाला गाईचं दिसतं, कुणाला मांजराचं. मला पाऊल बघायचं होतं. मनूच्या डाव्या पायाची करंगळी ऊस तोडताना कोयत्यानं कापून गेली होती. ते पाऊल मी हजार पावलांत ओळखलं असतं.

त्या संध्याकाळी लेकीला मी मुद्दाम घरात गुंतवून ठेवलं, पुरणाचा घाट घातला. ब्रेकर पडला तसा बॅटरी घेऊन शेडमध्ये गेलो.

पाऊल नव्हतं. माझ्या बोटांच्या रेघाही नव्हत्या. पीठ एकसारखं सपाट झालं होतं, काठापासून काठापर्यंत, भाकरीवरून पाण्याचा हात फिरवावा तसं.

७

सकाळी बाळासो दारात व्हॅन धूत होता. साधा माणूस, शाळेची पोरं सोडायचं काम करतो, आणि मनू गेली त्या दिवसापासून माझ्याशी नजर मिळवून बोलत नाही. मला वाटायचं, मरण जवळून बघितलं म्हणून. पण काल रात्रभर मला झोप नव्हती आणि कुणाशी तरी बोलायचं होतं.

"बाळासो," मी म्हणालो, "तुला खुळा वाटंन मी. पण मनू शेडात हाय रं."

त्यानं पाईप खाली ठेवला. नळ बंद केला. फडक्यानं हात पुसले आणि पुसतच राहिला.

"आवं, तसं नका म्हणू, हवालदार."

"का? जिथं जीव गेला तिथं..."

"शेडात न्हाई गेल्या वैनी." तो खाली बघून बोलत होता. "मी उचलून गाडीत घातलं तवा शुद्धीवर हुत्या. पोवई नाक्यापतूर बोलत हुत्या माझ्यासंगं. तितनं फुडं गेल्यावर मान टाकली."

मी गाडीचा दरवाजा धरला.

"काय बोलली?"

"म्हणल्या, ह्यास्नी लगीच फोन करू नगंस. रथाला गेल्याती, दोन घास जेवून घेऊ दे. आन म्हणल्या, मला त्या शेडात कायतरी आंगावर आल्यागत झालं. परत तितं न्हेऊ नका. येवढंच." त्यानं माझ्याकडं बघितलं. "मी हॉस्पिटलातली कागदं उरकून परत येऊस्तवर बायांनी दिवा लावलाता. तुमी भिंतीला टेकून बसलावता. कुनाला सांगनार, की जागा चुकली म्हणून? म्हणलं बलप तर हाय, चार दिसांनी निघंल. तो वरीसभर ऱ्हाईल असं कुनाला म्हाईत."

मी घरी आलो आणि परसाच्या दारात उभा राहिलो. मनू तिथं नव्हती, एक दिवससुद्धा नव्हती. तिच्या नावानं आम्ही तिथं दिवा लावला, पीठ घातलं, तेरा दिवस हात जोडले आणि वर्षभर उजेड ठेवला. त्या उजेडात येऊन जे बसलं त्याला आम्ही मनू समजत होतो. आणि माझी लेक रोज संध्याकाळी त्याला आपल्या पोटातलं सगळं सांगत होती.

८

मी साईराजला सांगलीला फोन लावला. म्हटलं, आजच ये, तिला घेऊन जा. का म्हणून विचारलं तर मी चिडलो आणि विचारू नको म्हणालो. तो सरळ माणूस, सुट्टी टाकून निघतो म्हणाला, अंधार पडेपर्यंत पोचतो म्हणाला.

शिवांजलीला मी एवढंच सांगितलं की शेडच्या लाईनमध्ये मोठा फॉल्ट आहे, आज तिकडं जायचं नाही. ती बरं म्हणाली आणि कपडे भरायला आत गेली. आईचं मी तिला काय सांगणार होतो? आठवा महिना. ज्या आईशी ती महिनाभर बोलली ती आई नव्हती, हे ऐकून तिचं काय होईल, या भीतीनं माझी जीभ उचलेना. गाडीत बसू दे, सांगलीला पोचू दे, बाळंत होऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं.

ब्रेकर मी पाडून ठेवला. तरी सवयीनं मीटर चिमट्यात लावलेलं होतं. ऊन उतरलं. मी पुढच्या दारात साईराजची गाडी बघत उभा होतो. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या तसा मी आत आलो आणि बघितलं तर ब्रेकर वर होता. कुणीतरी हातानं वर केलेला होता. परसाचं दार उघडं होतं आणि बॅग ओसरीत तशीच पडली होती.

मीटरवर शून्य होतं. संध्याकाळी त्या आकड्याच्या जागी मी कधी शून्य बघितलेलं नव्हतं. मी चिमटा उघडून परत लावला. शून्यच.

परसातून पळताना माझी चप्पल निघून गेली. शेडमध्ये उजेड होता, आणि तो बल्ब एवढा स्थिर लोंबत होता की त्याची सावलीही हलत नव्हती. शिवांजली आईच्या खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात पोटावर. तिचा चेहरा इतका सुखी मी तिच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

"रागावू नका आण्णा," ती म्हणाली. "जाण्याआधी निरोप घ्यायचा हुता. आई एकटी इथं थंडीत उभी, मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, इथं कशाला ऱ्हातीस, चल माझ्यासंगं. माझ्या पोटाला ये म्हटलं."

"काय म्हणालीस?"

"पोटाला ये म्हटलं. लोक म्हणतात न्हाई का, आजीच आली म्हणून." ती डोळे पुसत हसली. "आन बघा की, लाईट गेली का आज? आता न्हाई जायची."

बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. साईराजची असावी. मला लेकीला धरून ओढत बाहेर न्यायचं होतं आणि बाळासोनं सांगितलेलं सगळं ओरडून सांगायचं होतं, पण आता ते सांगून उपयोग कुणाला होता. नेऊन तरी कुठं नेणार होतो मी? जे शेडात होतं ते आता शेडात नव्हतं.

"हलतंय बघा," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला आणि पोटावर ठेवला.

बाळ लाथ मारतं ते मला माहीत आहे. हिच्या वेळी मनूच्या पोटावर हात ठेवून मी रात्र रात्र बसलोय. हे तसं नव्हतं. तळहाताखाली एक बारीक, एकसारखा थरकाप होता, न चढणारा, न उतरणारा. चालू पॅनलच्या दारावर हात टेकवला की लागतो तो. आयुष्यभर मी तो कारखान्यात हातानं ओळखत आलो, डोळे मिटूनसुद्धा चुकलो नसतो.

"आईच हाय ना, आण्णा?" शिवांजलीनं विचारलं.

मी व्हय म्हणालो. आणि हात काढून घ्यायला लागलो, तर तो निघेना.